मोठ्या गोगलगायीची भीती, छोटीकडे दुर्लक्ष

पावसाने जोर धरला की कर्जत-खालापूर परिसरात गोगलगायी दोन ठिकाणी हमखास दिसतात. फार्महाऊसच्या कुंपणाच्या भिंतीवर, पपईच्या बुंध्यावर, रोपवाटिकेतल्या कुंड्यांच्या आडोशाला हाताच्या पंजात मावेल न मावेल अशी तपकिरी पट्ट्यांची भली मोठी गोगलगाय चिकटलेली असते. तिकडे लावणी चाललेल्या भातखाचरात, बांधाकडेच्या साचलेल्या पाण्यात, गवताच्या काडीला धरून नखाएवढी, फार तर जुन्या रुपयाएवढी चपटी गोगलगाय असते. पहिली दिसली की घरात आरडाओरडा होतो, मीठ आणायला कोणीतरी धावते. दुसरीकडे कोणी बघतही नाही. लावणी करणाऱ्यांच्या पोटऱ्यांना ती घासून जाते, म्हशी तिच्याच पाण्यात डुंबतात.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र जास्त लक्ष द्यायला हवे ते या छोटीकडे. तिचे लहान असणे आणि तिच्यामुळे होणारा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. गोगलगाय किती मोठी होते हे ती कुठे राहते आणि जोडीदार कसा मिळवते यावर बऱ्याच अंशी ठरते. तिला आटोक्यात कसे ठेवायचे, याचे उत्तरही त्याच दोन गोष्टींत सापडते.

लाटा, खेकडे आणि शंखाचे माप

आकाराचे हे गणित शास्त्रज्ञांना सर्वांत स्पष्ट दिसले ते समुद्रकिनाऱ्यावर. खोपोलीहून निघालेली पाताळगंगा धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या तिवरांवर आणि पुढे अलिबाग-मुरूडच्या खडकांवर बोराएवढ्या समुद्री गोगलगायी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चिकटून बसलेल्या असतात. अशाच एका गटातल्या, ‘लिटोरिना’ नावाच्या युरोपीय गोगलगायीचा अभ्यास स्वीडन, ब्रिटन आणि स्पेनच्या किनाऱ्यांवर अनेक दशके चालू आहे.

या एकाच जातीची दोन रूपे शेजारी शेजारी आढळतात. जिथे खेकडे जास्त, तिथे गोगलगाय मोठी, जाड कवचाची आणि अरुंद तोंडाची. खेकड्याच्या नांगीला तिचा शंख सहजी फोडता येत नाही आणि आत नांगी घालायला जागाही मिळत नाही. जिथे लाटांचा मारा जास्त, तिथे गोगलगाय लहान, पातळ कवचाची, पण रुंद तोंडाची असते. लहान अंगाला लाटेचा तडाखा कमी बसतो आणि खडकाच्या बारीक फटीत शिरता येते. रुंद तोंडातून बाहेर येणारा मोठा पाय खडकाला घट्ट धरून ठेवतो.

हा फरक किती लवकर घडतो, याचा पुरावा एका दुर्घटनेतून मिळाला. १९८८ साली स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोस्टर द्वीपसमूहात विषारी शेवाळाची लाट आली आणि लहान खडकाळ बेटांवरच्या गोगलगायी मरून गेल्या. केर्स्टिन योहानेसन या संशोधिकेने १९९२ साली अशा एका ओसाड, लाटांच्या माऱ्यातल्या खडकावर खेकड्यांच्या परिसरातल्या ७०० मोठ्या गोगलगायी नेऊन सोडल्या. पुढची तीस वर्षे त्यांच्या पिढ्यांवर लक्ष ठेवण्यात आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गोगलगायींचे वंशज लहान, पातळ कवचाचे, लाटांवरच्या रूपासारखे झाले होते. तीस वर्षांत वस्तीने त्यांचे माप बदलले होते.

चिकट वाटेवरचा पाठलाग

वस्तीच्या जोडीला दुसरी गोष्ट येते ती समागमाची. बहुतेक समुद्री गोगलगायींमध्ये नर आणि मादी वेगळे असतात. त्यांना दूरचे नीट दिसत नाही, म्हणून नर मादीने मागे सोडलेल्या चिकट स्रावाच्या रेषेवरून तिचा माग काढतो. हाँगकाँगच्या तिवरांतल्या गोगलगायींवर झालेल्या अभ्यासातही नर असा माग काढताना आणि मोठ्या मादीला पसंती देताना दिसले. त्याचे कारण साधे आहे. मोठ्या मादीच्या पोटात जास्त अंडी मावतात. लिटोरिनामध्ये नर साधारण आपल्या मापाची किंवा थोडी मोठी मादी निवडतो. त्यामुळे लाटांवरच्या लहान गोगलगायी बहुधा आपसात जोडी जमवतात, खेकड्यांच्या परिसरातल्या मोठ्या आपसात. वस्तीने पाडलेला फरक जोडीच्या निवडीने आणखी पक्का होतो.

माप आणि लिंग यांचे नाते किती घट्ट असू शकते, हे ‘क्रेपिड्युला’ या सपातीच्या आकाराच्या समुद्री गोगलगायीत दिसते. या गोगलगायी एकमेकींच्या पाठीवर थर रचून बसतात. तळाची सर्वांत मोठी ती मादी, वरच्या लहान ते नर. तळाची मादी मेली की तिच्या वरचा नर हळूहळू मादी होतो. नर व्हायला लहान अंग पुरते, कारण शुक्रजंतू तयार करायला फार खर्च येत नाही. अंड्यांना मात्र भरपूर अन्नसाठा लागतो आणि तो मोठ्या अंगालाच परवडतो.

तळ्यातली मादी मोठी, खाचरातली दोन्ही

आता समुद्र सोडून पुन्हा घाटपायथ्याशी येऊ. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पाणी सगळीकडे एकसारखे नाही. उल्हास आणि पाताळगंगेचे डोह, मोरबेसारखे धरण आणि गावतळी वर्षभर पाणी धरून असतात. याउलट भातखाचरे, ओहळ आणि रस्त्याकडेचे खड्डे जूनमध्ये भरतात आणि दिवाळीनंतर आटू लागतात. दोन्ही ठिकाणच्या गोगलगायी वेगळ्या, त्यांचे संसारही वेगळे.

टिकाऊ पाण्यातली ओळखीची गोगलगाय म्हणजे ‘पायला’. प्राणिशास्त्र शिकलेल्या अनेकांनी प्रयोगशाळेत तिचे विच्छेदन केलेले असते. सफरचंदासारखा गोल, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा शंख आणि तोंडावर घट्ट बसणारे झाकण ही तिची खूण. तिला कल्ले आहेत आणि फुप्फुसही. उन्हाळ्यात ती चिखलात शिरते आणि झाकण लावून पडून राहते. तिच्यात नर-मादी वेगळे असतात आणि मादी नरापेक्षा मोठी, जास्त फुगीर असते. पावसाळ्यात मीलन झाल्यावर ती पाण्याबाहेर, काठाच्या ओल्या मातीत शेकडो अंडी घालते.

‘बेलामिया’ ही दुसरी गोगलगाय डोहाच्या आणि तळ्याच्या तळाशी असते. ती अंडी न घालता थेट शंखासह पिल्लांना जन्म देते. पिल्ले पोटात वाढवायची म्हणून इथेही मादीच मोठी. नर ओळखायचा तर त्याच्या डोक्यावरच्या दोन शुंडांकडे पाहावे. उजवी शुंडा आखूड आणि जाड असते, कारण तोच त्याचा समागमाचा अवयव आहे.

खाचरात हे सगळे परवडत नाही. पाणी तीन-चार महिन्यांचेच असते. त्यात मोठे व्हायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि पाणी आटण्याआधी पुढची पिढी तयार करायची, म्हणजे लहान अंगावरच वयात यावे लागते. ‘लिम्निया’ ही टोकदार शंखाची आणि ‘इंडोप्लॅनॉर्बिस’ ही चकलीसारखी चपटी गोगलगाय नेमके हेच करते. इंडोप्लॅनॉर्बिस साधारण दोन महिन्यांत प्रजननक्षम होते. या दोन्ही गोगलगायी उभयलिंगी आहेत. प्रत्येकीकडे शुक्रजंतूही तयार होतात आणि अंडीही. जोडीदार भेटला तर त्या मीलन करतात, नाही भेटला तर स्वतःच स्वतःची अंडी फलित करतात.

याचा अर्थ असा, की पुराच्या पाण्याबरोबर एकच गोगलगाय नव्या खाचरात येऊन पडली तरी काही आठवड्यांत तिथे वस्ती उभी राहू शकते. उन्हाळ्यात चिखलाच्या भेगांत शेकडो मेल्या आणि मूठभर तगल्या, तरी पुढच्या पावसाळ्यात पाण्यातल्या पानांच्या पाठीला अंड्यांचे पारदर्शक, चिकट गोळे दिसू लागतात.

खाज, कृमी आणि गिमवीचा धडा

या छोट्या गोगलगायींच्या पोटात काही चपट्या कृमींचे बालपण जाते. जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात पडतात, त्यांतून निघालेली अळी गोगलगायीत शिरते, तिथे एकीच्या असंख्य होतात आणि सूक्ष्म शेपटीवाल्या अळ्या पुन्हा पाण्यात उतरतात. गोगलगाय नसेल तर हे चक्र पुढे सरकत नाही.

इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये गुराढोरांच्या रक्तातले काही कृमी वाढतात. त्यांच्या अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतही शिरतात. माणूस हा त्यांचा खरा यजमान नसल्याने त्या तिथेच मरतात, पण कातडी त्यावर चवताळते. पोटऱ्यांवर, घोट्यांवर बारीक लाल पुरळ उठते आणि भयंकर खाज सुटते. भारतात भातशेती करणाऱ्यांमध्ये हा त्रास नोंदला गेला आहे. लावणीच्या दिवसांत पायाला खाज सुटली की दोष चिखल्यांना किंवा खताला दिला जातो आणि तो अनेकदा बरोबरही असतो. पण बोटांच्या बेचक्यात सडल्यासारख्या जखमा होतात त्या चिखल्या. पाण्याच्या रेषेपर्यंत पोटरीभर ठिपके उठले तर या अळ्यांची शंका घ्यावी. पुरळ बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. खाजवून जखम झाली, ती चिघळली किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

लिम्नियामुळे होणारे नुकसान अधिक मोठे आहे, कारण ते गोठ्यात होते. तिच्यातून बाहेर पडलेल्या अळ्या पाण्याकाठच्या गवतावर, भाताच्या धाटावर कोष करून बसतात. ते गवत गाई-म्हशींनी खाल्ले की कृमी यकृतात पोचतो. जनावर खंगते, दूध आटते, हगवण लागते, पुढे जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. पशुवैद्यक याला ‘लिव्हर फ्लूक’ म्हणतात.

लहानशी गोगलगाय किती नुकसान करू शकते, हे कोकणाने माणसांच्या बाबतीतही पाहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लोकांच्या लघवीतून रक्त जात होते. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तिथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसची नोंद केली. आफ्रिकेत सर्रास असणारा हा रोग भारतात मुक्काम ठोकून असल्याचे तोवर कोणाच्या गावीही नव्हते. संशोधकांनी संशय घेतला तो ‘फेरिसिया’ या नदीतल्या दगडांना चिकटून राहणाऱ्या, टोपीसारख्या कवचाच्या, जेमतेम काही मिलिमीटरच्या गोगलगायीवर. ती शोधायची तर दगड उचलून नीट निरखावा लागतो.

या कृमींचा गोगलगायीच्या मापाशीही संबंध आहे. कृमी आत शिरला की तो तिची प्रजननग्रंथी निकामी करतो आणि तिचे अंडी घालणे थांबते. अंड्यांवर खर्च होणारी शक्ती शिल्लक राहते. त्यामुळे गोड्या पाण्यातल्या काही अल्पायुषी गोगलगायी कृमी लागल्यावर निरोगी बहिणींपेक्षा मोठ्या होतात. दीर्घायुषी समुद्री गोगलगायींत मात्र बहुधा तसे होत नाही.

मोठीचे बळ आणि तिची अडचण

आता भिंतीवरच्या त्या मोठीकडे वळू. ती मूळची इथली नव्हे. पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय मॉरिशसमार्गे १८४७ साली कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. कृषी खात्याच्या भाषेत ती ‘शंखी गोगलगाय’. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा तिचे नाव घरोघरी पोचले. कोकणात आणि मुंबईच्या आसपास ती बागा, रोपवाटिका आणि कुंड्यांतल्या मातीबरोबर फिरते.

तिच्या मोठ्या अंगाला भरपूर चुना लागतो. म्हणून ती पावसात भिंतीवर चढते आणि रंगाचा, गिलाव्याचा थर खरवडून खाते. तीही उभयलिंगी आहे, पण खाचरातल्या छोटीसारखी एकटीने संसार थाटत नाही. तिला सहसा जोडीदार लागतो. जपानच्या ओगासावारा बेटांवर कियोनोरी तोमियामा यांनी केलेल्या अभ्यासात तिचा क्रम स्पष्ट झाला. तरुण, अजून वाढत असलेली गोगलगाय आधी फक्त शुक्रजंतू तयार करते. वाढ पूर्ण होऊन शंखाची कड जाड झाली की मगच ती अंडीही घालू लागते. एकदा मिळालेले शुक्रजंतू ती साठवून ठेवते आणि एकाच मीलनावर पुढे अनेकदा अंडी घालू शकते. एका वेळी शंभरावर, कधी कित्येक शेकडा.

यातूनच तिला रोखण्याची वेळ आणि रीत ठरते. अंडी घालणाऱ्या त्या जाड कडेच्या मोठ्या गोगलगायीच. पहिल्या एक-दोन पावसांत त्या जमिनीतून बाहेर येतात, तेव्हाच संध्याकाळी आणि पहाटे त्या वेचल्या तर पुढच्या शेकडो कमी होतात. श्रावणात वेचायला सुरुवात केली, तर बरीचशी अंडी आधीच मातीत गेलेली असतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर टाकली की त्या त्याखाली गोळा होतात. सकाळी उचलून त्या मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. झाडाच्या बुडाशी मीठ टाकू नये, माती बिघडते. बाजारातली विषारी गोळी वापरायची तर कुत्री, कोंबड्या आणि मुले तिथे पोचणार नाहीत याची खात्री हवी.

ही मोठी गोगलगायही अगदी निरुपद्रवी नाही. उंदरांच्या विष्ठेतून तिच्यात एक कृमी येऊ शकतो आणि तो माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. म्हणून ती उघड्या हाताने न धरता हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पावसाळ्यात बागेतली पालेभाजी, कोथिंबीर पान-पान सुटी करून धुवावी. गोगलगाय कच्ची किंवा अर्धवट शिजवून कधीही खाऊ नये.

छोटीला वेचून भागत नाही

खाचरातल्या छोटीसाठी मात्र वेचण्याचा उपाय कामाचा नाही. एक उरली तरी पुरते. तिथे गोगलगाय संपवण्यापेक्षा कृमीचे चक्र तोडणे सोपे. ताजे शेण ओहळाच्या किंवा खाचराच्या काठी न टाकता उकिरड्यात नीट कुजवले, की कुजण्याच्या उष्णतेने कृमीची अंडी मरतात. जनावरांना डबक्याऐवजी हौदात पाणी पाजावे. पाणथळ काठचे ओले गवत थेट खाऊ घालू नये आणि पेंढा कडक उन्हात वाळवून मगच गोठ्यात आणावा. पावसाळ्यानंतर शेणाची तपासणी करून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. जिथे जमेल तिथे बदके पाळावीत, ती गोगलगायी आवडीने खातात. लावणीला गमबूट घालणे चिखलात अवघड जाते. ते जमले नाही तरी खाचराबाहेर येताच पाय स्वच्छ पाण्याने धुऊन पंच्याने खसखसून पुसावेत. सगळ्याच अळ्या तेवढ्याने जात नाहीत, पण त्रास कमी होऊ शकतो.

राहिली तळ्यातली गोल, झाकणाची पायला. तिला भिंतीवरच्या शंखीची बहीण समजून मारण्याचे कारण नाही. ती इथली आहे. ओळख पटवायची तर शंखाच्या तोंडाशी पाहावे. घट्ट झाकण दिसले तर ती पायला आणि तिला पाण्यात परत सोडावे. झाकण नसेल, शंख लांबट आणि पट्ट्यापट्ट्यांचा असेल, तर ती शंखी, आणि ती जितकी मोठी तितकी तिला वेचण्याची घाई जास्त.